कागदी पाठीची गिटार

स्पेन देशांतील बार्सिलोना शहराच्या संगीत-संग्रहालयांत जुन्या गिटारींचा एक नामांकित संग्रह आहे. त्यांतील एका गिटारीपुढें जाणकार मनुष्य इतरांहून अधिक वेळ उभा राहतो. समोरून पाहतां तिच्यांत विशेष असें कांहीं नाहीं. पुढची फळी स्प्रूसच्या पांढुरक्या लांकडाची, मध्यें वाटोळें भोंक, वर दांडी, सारें नेहमींसारखें. पण तिची पाठ आणि तिच्या बगला लांकडाच्या नाहींतच. त्या कागदाच्या आहेत! ज्या लगद्याचे आपल्याकडे मुखवटे आणि खेळणीं करतात, त्याच जातीच्या पदार्थाच्या त्या घडविलेल्या आहेत. इ. स. १८६२ सालीं आंतोनियो दे तोर्रेस या कारागिरानें ही गिटार बनविली.

लांकूड परवडत नव्हतें म्हणून तोर्रेसनें हा खटाटोप केला, असें कोणी समजूं नये. त्या वेळीं सेव्हिल शहरीं त्याचें स्वतःचें दुकान होतें. चार वर्षांपूर्वीं तेथल्याच प्रदर्शनांत त्याला पदक मिळालें होतें. आणि साध्या सायप्रसपासून परदेशच्या भारी लांकडापर्यंत नाना जातींच्या फळ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या होत्या. कागदाची पाठ त्यानें केली ती एक मुद्दा लोकांच्या हातांत देण्यासाठीं. गिटारचा आवाज तिच्या पुढच्या पातळ फळींतून निघतो. पाठ कशाची आहे याला त्या मानानें महत्त्व थोडें, हा तो मुद्दा होय.

लोकांनीं तो ऐकला, वाखाणला, आणि बाजूस ठेवून दिला. पाठीच्या लांकडाचा मोह कांहीं सुटला नाहीं. त्या मोहाचा भार प्रथम ब्राझिल देशांतील एका वृक्षजातीनें सोसला, आणि पुढें तो आपल्या सह्याद्रींतील शिसवापर्यंत येऊन पोहोंचला. म्हणून या कागदी पाठीची हकीकत केवळ वाद्यशाळेंतली राहत नाहीं. तिचा दुसरा भाग अरण्यांत घडतो.

ज्यांनीं मिरजेचा तंबोरा जवळून पाहिला असेल, त्यांना गिटारची रचना समजावयास अडचण पडणार नाहीं. तंबोऱ्याला भोपळा असतो व भोपळ्याच्या तोंडावर तबली; तबलीवर घोडी, आणि घोडीवरून तारा. गिटारींत भोपळ्याच्या जागीं चपटी पेटी येते. तिच्या पुढच्या फळीला तबलीच म्हणावें. मागची ती पाठ, व दोहोंना जोडणाऱ्या वांकविलेल्या पट्ट्या त्या बगला. नुसती तार कितीहि जोरानें छेडली तरी ती हवेला फारशी हालवूं शकत नाहीं. ती आपला कंप घोडीच्या द्वारें तबलीला देते, आणि तबली हवेला. पेटींत कोंडलेली हवा व मधलें भोंक यांचें साह्य मुख्यतः खालच्या स्वरांना होतें. तेव्हां तबली हलकी हवी, म्हणजे ती तारेच्या अल्प शक्तीनें हालेल; आणि ताठ हवी, म्हणजे तारांच्या ओढीनें ती खचणार नाहीं.

हलकेपणा आणि ताठपणा हे गुण सहसा एके ठिकाणीं नांदत नाहींत. स्प्रूसमध्यें ते नांदतात. हें झाड आपल्या हिमालयांतील देवदाराच्याच कुळांतलें. आल्प्ससारख्या थंड डोंगरांत तें इतकें सावकाश वाढतें कीं, त्याचीं वर्षावर्षांचीं वलयें बारीक, दाट व सारखीं पडतात. चांगला कारागीर असा ओंडका एकदम करवतीखालीं घालीत नाहीं. आधीं पाचर मारून तो फोडतो, म्हणजे आंतले तंतू कोणत्या दिशेनें गेले आहेत तें उघड होतें. मग गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेंत फळ्या काढावयाच्या. लगतच्या दोन फळ्या पुस्तकाचीं पानें उघडावीं तशा उघडून मध्यें सांधल्या, म्हणजे उजवी बाजू डावीचें प्रतिबिंब होते. हें केवळ शोभेसाठीं नव्हे. दोन्ही बाजूंचा ताठपणाहि त्यामुळें सारखा राहतो. कांहीं वर्षें सुकविल्यानंतर या फळ्या रंध्यानें तासून अडीच मिलिमीटरांच्या आसपास आणतात. एवढी पातळ फळी तंतूंच्या दिशेनें ताठ असली तरी आडवी दुबळीच. म्हणून आंतल्या अंगानें तिला लांकडी पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. या पट्ट्या किती, कशा व कोठें बसवाव्या, यावर गिटार-कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या खर्च झाल्या आहेत.

बाकीच्या भागांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. बगलांच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर हलकेच वांकवितात. सांधे सरसानें धरतात. दांडी स्पेनमध्यें 'सेद्रो' नांवाच्या अमेरिकेंतील लांकडाची करीत आले. मिरजेचे कारागीर जें तून वापरतात त्याचें हें इतकें जवळचें नातलग आहे कीं, पूर्वीं वनस्पतिशास्त्रज्ञ दोहोंना एकाच वंशांत धरीत. बोटें फिरतात ती पट्टी आबनुसाची. शेवटचा हात लाखेचा. लाख स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें ती पातळ थरांनीं दिवसचे दिवस घासावी लागते. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची ही लाख; तिचा मोठा पुरवठा हिंदुस्थानांतूनच होत आला आहे. स्पेनच्या अस्सल गिटारीच्या अंगावर अशी आपल्या रानांतली झिलई असते, हें बहुतेकांना ठाऊक नसतें.

तोर्रेसचा जन्म १८१७ सालीं दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहरालगतच्या एका खेड्यांत झाला. बाराव्या वर्षीं तो सुताराच्या हाताखालीं शिकावयास राहिला. तारुण्य दारिद्र्यांत आणि कर्जांत गेलें. पहिली बायको लहान वयांत वारली. पुढें सेव्हिलला येऊन 'सेराखेरिया' म्हणजे कुलुपें करणाऱ्यांच्या आळींत त्यानें दुकान थाटलें. हुलियान आर्कास हा त्या काळचा नाणावलेला गिटारवादक; त्यानें तोर्रेसला गिटारीच्याच कामांत मन घालण्याचा सल्ला दिला, व पट्टीच्या वादकाला वाद्यांत काय उणें भासतें हें तोर्रेसला त्याच्याकडून कळत गेलें. कारागीर आणि वादक यांचें असें सख्य जुळल्यावांचून वाद्याची सुधारणा होत नाहीं. आपल्याकडे मिरजेंत तंबोरे घडले तेहि गवयांच्या शेजारींच.

तोर्रेसनें गिटारची पेटी पूर्वींपेक्षां मोठी केली, खालचा भाग विशेष रुंद केला, तबली पातळ ठेवून तिला किंचित् घुमटाचा आकार दिला, आणि आंतून भोंकाच्या खालीं सात बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरल्या. पंख्याची कल्पना त्याची स्वतःची नव्हे. काडिझ बंदरांतील कारागिरांनीं अठराव्या शतकांतच तशा पट्ट्या बसविल्या होत्या. परंतु मोठी पेटी, हलकी घुमटदार तबली आणि सात पट्ट्यांचा पंखा यांचा मेळ तोर्रेसनें असा घातला कीं, आज जगभर मैफलींत जी गिटार वाजते ती मूळ त्याच्याच घाटाची आहे. ६५ सेंटिमीटर ही तारेची लांबीसुद्धां त्याच्यामुळें रूढ झाली. त्याच्या वेळीं तारा आंतड्याच्या तांतीच्या होत्या; त्यांची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉननें घेतली. पण त्यामुळें पेटी बदलावी लागली नाहीं.

या थोर कारागिराच्या नांवाजलेल्या गिटारींच्या पाठी कशाच्या होत्या, हें पाहण्याजोगें आहे. कांहीं सायप्रसच्या. सायप्रस स्पेनमध्येंच होतें व स्वस्त मिळे, म्हणून गरीब वादकांच्या वांट्याला तें येई. त्याच्याच खणखणीत, तुटक आवाजावर फ्लामेंको नांवाची तेथली वादनशैली वाढली. कांहीं मेपलच्या. कांहीं, धनिक गिऱ्हाइकांसाठीं, ब्राझिलहून येणाऱ्या भारी लांकडाच्या. १८६९ सालीं फ्रान्सिस्को तार्रेगा हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तोर्रेसच्या दुकानीं गिटार विकत घ्यावयास आला. तोर्रेसनें प्रथम एक बेताची गिटार पुढें केली. मुलाचा हात ऐकल्यावर मात्र तो आंत गेला आणि पांच वर्षांपूर्वीं स्वतःसाठीं करून ठेवलेली गिटार बाहेर घेऊन आला, अशी हकीकत सांगतात. पुढें तार्रेगानें गिटारवादनाला नवें वळण लावलें तें याच वाद्यावर. तिची पाठ मेपलची होती. कारागीर स्वतःसाठीं वाद्य करतो तेव्हां तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे पाहत नाहीं. म्हणून ही साक्ष अधिक मोलाची.

एवढें नांव मिळूनहि पोट भरेना. १८७० च्या सुमारास तोर्रेसनें सेव्हिलचें दुकान बंद केलें आणि आल्मेरियास परत जाऊन चिनी मातीच्या बशा-पेल्यांचें दुकान घातलें! पांच वर्षें त्यानें गिटारीला हात लावला नाहीं असें दिसतें. १८७५ पासून तो पुन्हां गिटारी करूं लागला, व आंत चिकटविलेल्या चिठ्ठीवर 'दुसरा कालखंड' असें छापूं लागला. १८९२ सालीं तो वारला. आयुष्यभरांत त्यानें सुमारे ३२० गिटारी केल्या असाव्या, असा त्याचा चरित्रकार होसे रोमानिलोस याचा अंदाज आहे.

म्हातारपणीं त्याच्याकडे हुआन मार्तिनेस सिर्व्हेंत नांवाचा एक तरुण येत असे. हा पुढें धर्मोपदेशक झाला. १९३१ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें एक प्रसंग नमूद करून ठेवला आहे. जेवणाच्या पंक्तीला कोणी तोर्रेसला विचारलें, तुमच्या कसबाचें रहस्य जगाला सांगून कां ठेवीत नाहीं? तोर्रेसनें उत्तर दिलें तें असें कीं, तें सांगतां येण्यासारखें नाहींच. तबली चिमटींत धरली असतां आंगठा व तर्जनी यांच्या टोकांना जें कळतें तेंच तें रहस्य, आणि तें आपल्याबरोबरच जाईल.

हें उत्तर टाळाटाळीचें नव्हे. एकाच ओंडक्यांतून निघालेल्या दोन फळ्यासुद्धां वजनानें व ताठपणानें सारख्या नसतात. त्यामुळें अमुक जागीं अमुक जाडी असें कोष्टक देऊन भागत नाहीं. एक फळी थोडी अधिक तासावी लागते, दुसरी थोडी कमी; आणि कोठें थांबावयाचें हें त्या विशिष्ट फळीलाच विचारावें लागतें. तोर्रेसच्या गिटारींचीं मापें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत घेऊन कित्येकांनीं नकला केल्या. नक्कल बिनचूक, आणि आवाज निराळा, हा अनुभव पुष्कळांना आला. म्युनिकच्या हर्मान हाउझरनें त्याच घाटाची गिटार आपल्या बोटांनीं नव्यानें शोधली, तेव्हां कोठें १९३७ सालची त्याची गिटार आंद्रेस सेगोव्हियासारख्या वादकाच्या हातीं पंचवीस वर्षें राहिली.

हें सारें घडण्याच्या आधींच जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत एक मजेदार भांडण जुंपलें होतें. नॉयकिर्खेन गांवीं फिडल करणाऱ्यांचा संघ व फर्निचर करणाऱ्या सुतारांचा संघ असे दोन संघ होते. गिटारी बहुधा सुतार करीत. १८२६ सालीं फिडलवाल्यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, आम्ही कलावंत आहों व हे नुसते खुर्च्या-टेबलें करणारे. यांना गिटार करण्याची बंदी करावी. सुतारांनीं आपला हक्क राखला; पण या कटकटीला विटून ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा सुताराचा मुलगा १८३३ सालीं अमेरिकेस निघून गेला. व्हिएन्नाच्या श्टाउफरकडे त्यानें हा धंदा शिकून घेतलेला होता. न्यूयॉर्कला कांहीं वर्षें काढून तो पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ गांवीं स्थायिक झाला. त्याचा कारखाना वंशजांकडे आजहि चालू आहे. १८४० नंतरच्या दशकांत तेथें तबलीच्या आंत पंख्याऐवजीं दोन पट्ट्यांची फुली बसूं लागली. पुढें विसाव्या शतकांत पोलादी तारा आल्या, व त्यांची एकंदर ओढ सत्तर-ऐंशी किलोपर्यंत गेली. तेव्हां ही फुलीच कामास आली. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत किंवा गोव्याच्या घरांतून जी पोलादी तारांची गिटार ऐकूं येते, ती बहुधा याच घराण्याची असते.

आतां त्या भारी लांकडाकडे वळूं. ब्राझिलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अरण्यांत दालबर्जिया नायग्रा नांवाचा वृक्ष वाढतो. ताज्या कापलेल्या लांकडाला गुलाबासारखा वास येतो, म्हणून युरोपियनांनीं त्याला रोजवुड म्हटलें. तपकिरी-जांभळ्या अंगावर काळ्या रेषांचें चित्र असें उमटतें कीं, पाहणाऱ्याची नजर हटूं नये. फळी टांगून टिचकी मारली तर ती घंटेसारखी घुमते. मेपल किंवा सायप्रस तशीं घुमत नाहींत. म्हणून वादकांची या लांकडावरील श्रद्धा अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. मात्र टांगलेली फळी आणि पेटीला जखडलेली, वादकाच्या छातीशीं टेकलेली पाठ यांत अंतर आहे, हें श्रद्धा विसरली. शंभर-सवाशें वर्षें उत्तम गिटार म्हणजे ब्राझिलच्या रोजवुडची, असें समीकरण होऊन बसलें.

इकडे अरण्य झपाट्यानें कमी होत होतें. शेतीसाठीं, कॉफीच्या मळ्यांसाठीं तें तोडलें गेलें. फर्निचरवाल्यांनीं आणि पियानोवाल्यांनीं मोठे वृक्ष नेले. गिटारींचा वांटा त्या मानानें लहान, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण गिटारला लागतें तें नेमकें सर्वांत दुर्मिळ लांकूड. थोडें गणित करावें. मोठ्या गिटारची पाठ खालीं ४० सेंटिमीटर रुंद असते. ती दोन फळ्यांची, म्हणजे प्रत्येक फळी २० सेंटिमीटरांची. ही फळी गाभ्यापासून सालीकडे कापावयाची. त्यांत गाभ्याचा नाजूक भाग व बाहेरचें पांढरें लांकूड टाकून द्यावयाचें. म्हणजे अर्धा मीटर व्यासाचा सरळ, निर्दोष बुंधाहि जेमतेम पुरणार! असे बुंधे मिळेनासे झाले, तेव्हां १९६५ सालीं मार्टिनच्या कारखान्यानें तीन तुकड्यांची पाठ असलेला एक नवा नमुना बाजारांत आणला. ती नवी शोभा म्हणून लोकांना आवडली. मूळ कारण अरुंद फळ्या हें होतें. त्याच दशकाच्या अखेरीस ब्राझिलनें अखंड ओंडके बाहेर जाऊं देण्यावर निर्बंध घातले, आणि १९६९ सालीं मार्टिननें आपला नेहमींचा माल दुसऱ्या लांकडावर नेला.

तें दुसरें लांकूड म्हणजे आपलें शिसव. दालबर्जिया लॅटिफोलिया हें त्याचें शास्त्रीय नांव. ब्राझिलच्या वृक्षाचा हा सख्खा चुलतभाऊ. उत्तर हिंदुस्थानांत ज्याला शीशम म्हणतात तें निराळें. शिसव सह्याद्रीच्या रांगांतून थेट केरळपर्यंत वाढतें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं याच काळसर लांकडाचें जें कोरीव सामान केलें, तें 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नांवानें विलायतेपर्यंत प्रसिद्ध होतें. जुन्या घरांतल्या ज्या पलंगावर चार पिढ्या निजल्या, जो झोपाळा कधीं कुरकुरला नाहीं, तो पुष्कळदां शिसवाचाच. त्याच झाडाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळ्या आतां अमेरिका, स्पेन आणि जपान येथील गिटारींच्या पाठींवर जाऊं लागल्या. प्रारंभीं वादकांनीं नाकें मुरडलीं. जुनें तें जुनें, असें म्हणाले. एका पिढींत तें विसरलें गेलें, आणि रोजवुड म्हणजे हिंदुस्थानचें रोजवुड अशी नव्या वादकांची समजूत झाली.

१९९२ सालीं वन्य जीवजातींच्या व्यापारासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय करारानें ब्राझिलच्या रोजवुडला सर्वांत कडक यादींत घातलें. २ जानेवारी २०१७ पासून दालबर्जिया वंशांतील उरलेल्या साऱ्या जाती दुसऱ्या, कांहींशा सौम्य यादींत आल्या. चीनमधील फर्निचरची प्रचंड मागणी हें त्याचें मुख्य कारण. पण भुर्दंड वाद्यांनाहि बसला. शिसवाची नुसती एक पट्टी असलेली गिटार एका देशांतून दुसऱ्या देशांत विकावयाची म्हटली तरी परवाना लागूं लागला. कारखानदार, वादक आणि वाद्यवृंद यांनीं गाऱ्हाणीं केलीं, व २०१९ सालच्या जिनिव्हाच्या परिषदेंत तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. लांकडाला मात्र ती नाहीं. शिसवाचें नांव जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत धोक्याच्या वाटेवरील जातींत १९९८ पासूनच नोंदलेलें आहे.

या सर्व काळांत तोर्रेसचा मुद्दा कोणीच पुढें नेला नाहीं काय? एका अमेरिकन कारागिरानें नेला. १९९५ सालीं बॉब टेलर यानें माल चढविण्या-उतरविण्याच्या टाकाऊ फळकुटांतून ओकची पाठ काढून एक गिटार केली आणि ती वाद्यांच्या प्रदर्शनांत मांडली. तबलीसुद्धां इमारतीच्या साध्या लांकडाच्या तुकड्यांची होती. फळकुटांतल्या खिळ्यांचीं भोकें त्यानें मुद्दाम शिंपल्याच्या नक्षीसारखीं भरून दाखविलीं! वाजविणाऱ्यांनीं ती चांगली ठरविली. पण ही झाली एका उस्तादाची गंमत. तिनें शास्त्रीय समाधान होत नाहीं.

तें पुढें इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठांत झालें. रॉजर बकनॉल या कारागिरानें सहा गिटारी केल्या. तबली, मापें, घडण सर्व शक्य तितकें एकसारखें. फक्त पाठ व बगला निराळ्या. एक ब्राझिलच्या रोजवुडची, एक आपल्या शिसवाची, आणि इतर चार महोगनी, मेपल, सॅपिली व अक्रोड यांच्या. ५२ गिटारवादकांना त्या वाजवावयास दिल्या. खोलींत अंधुक उजेड, आणि वादकांच्या डोळ्यांवर लोखंड सांधणाऱ्यांचे काळे चष्मे, म्हणजे लांकूड दिसण्याचा प्रश्नच राहिला नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, सहाहि गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते. महाग लांकडाला अधिक व स्वस्ताला कमी असा प्रकार दिसला नाहीं. दोन गिटारींतला भेद नुसता ओळखण्याची कसोटी घेतली, तेव्हांहि वादकांना फारसें यश आलें नाहीं. डोळे झांकल्याबरोबर कानांचा आग्रह इतका ढिला व्हावा, हें संगीताच्या जाणकारांना लाजिरवाणें वाटेल. पण ज्यानें १८६२ सालीं कागद भिजत घातला, त्याला त्यांत आश्चर्य वाटलें नसतें.

बाजारावर अशा प्रयोगांचा परिणाम हळूहळू होतो. कांहीं कारखाने अक्रोड, मेपल यांसारख्या लांकडांकडे वळले आहेत. तरी ब्राझिलच्या रोजवुडची जुनी गिटार विकावयास निघाली म्हणजे तिची किंमत आजहि इतरांच्या कितीतरी पट असते, आणि लांकूड १९९२ पूर्वींचें असल्याचा दाखला तिच्याबरोबर जपून ठेवावा लागतो. तोर्रेसलाहि आपला बाजार ठाऊक होता. कागदी पाठीची म्हणून आज माहीत असलेली त्याची गिटार ती एकच. दुकानीं गिऱ्हाईक येई तें सायप्रस नाहीं तर रोजवुड मागावयास, आणि तो त्याप्रमाणें पाठ बसवून देई. तबली मात्र प्रत्येक वेळीं तो चिमटींत धरून पाही.